कॅम्परच्या टपावरचा पंखा: वीज नेमकी कुठून घ्यायची?

सतरा सीटर ट्रॅव्हलरच्या मागच्या भागात बेड टाकून कॅम्पर करायचा म्हटलं की सोलापुरात पहिला प्रश्न झोपेचा येतो. एप्रिल-मेमध्ये दिवसा पारा ४२-४३ वर जातो. रात्री बाहेर वारा सुटला तरी दिवसभर तापलेला पत्रा आतल्या माणसाला मध्यरात्रीपर्यंत शेकत राहतो. एसी बसवायचा तर भलीमोठी बॅटरी किंवा जनरेटर पाहिजे. मग बहुतेकजण टपावर बसणाऱ्या १२ व्होल्टच्या एक्झॉस्ट पंख्यावर येऊन थांबतात. पंखा कोणता घ्यावा यावर लोक महिनाभर डोकं लावतात आणि वीज कुठून द्यायची ते वायरमनवर सोडून देतात. नंतरच्या कटकटी जवळपास सगळ्या दुसऱ्या गोष्टीतून निघतात. म्हणून इथे पंख्यांची तुलना नाही, जोडणीच्या वाटांची आहे.

आधी लोड बघू. मॅक्सफॅन किंवा फॅन्टॅस्टिक व्हेंट या जातीचा पंखा १४ इंची (३५५ मिलिमीटर) चौकोनी भोकात बसतो आणि फुल स्पीडला साधारण ३ अँपिअर घेतो. अगदी मंद ठेवला तर १ अँपिअरच्या आत राहतो. झोपताना फुल स्पीड कोणी ठेवत नाही, आवाजाने झोप लागत नाही. झोपायच्या वेळी तासभर फुल आणि पुढे सात तास मंद धरला तर रात्रीचे १० अँपिअर-अवर (अँपिअर गुणिले तास) होतात. आठही तास फुल धरला तर २४. पुढचा सगळा हिशोब या दोन आकड्यांवर आहे.

दिव्याच्या वायरीतून

बेडवरच्या दिव्याची वायर टपापर्यंत आयतीच आलेली असते. त्यामुळे वायरमनचं पहिलं वाक्य ठरलेलं: "मालक, दिव्यातनंच घेऊ की. बारका लोड हाय, कशाला नवी वायर ओढायची?" त्याचं म्हणणं अगदीच टाकाऊ नाही. सीलिंग उचकटावं लागत नाही, काम झटक्यात होतं. पण हो म्हणण्याआधी त्याला दोन गोष्टी दाखवायला सांगा: ती वायर किती जाडीची आहे, आणि त्याच फ्यूजवर आणखी काय काय चालतं.

एलईडी दिव्यांना बऱ्याचदा अर्ध्या स्क्वेअरची (तांब्याचा छेद अर्धा चौरस मिलिमीटर) वायर टाकलेली असते आणि दिव्यांपुरती ती बासही असते. पंख्याला नाही. बॅटरी ड्रायव्हरच्या सीटमागे आणि बेड मागच्या टोकाला असेल तर खांबातून चढून टपातून जाणारी वायर सहज ६ मीटर होते, म्हणजे जाऊन-येऊन १२. अर्ध्या स्क्वेअरच्या तांब्यात ३ अँपिअरला एवढ्या अंतरात सव्वा व्होल्ट जातो. १२.५ व्होल्टच्या बॅटरीतले सव्वाअकरा पंख्यापर्यंत पोचतात, पंखा ढिला पडतो आणि त्याच वायरीवरचा दिवा मंदावतो. हीच वायर दीडची असेल तर नुकसान साधारण ०.४ व्होल्ट, अडीचची असेल तर पाव व्होल्ट. शिवाय हे आकडे सावलीतले आहेत. टपाच्या पत्र्याखाली वायर ६० अंशांवर गेली की तांब्याचा रोध आणखी सुमारे १५ टक्क्यांनी वाढतो.

दुसरी गोष्ट फ्यूजची. दिवे, मोबाइल चार्जिंगचे पॉइंट आणि पाण्याचा पंप एकाच ५ अँपिअरच्या फ्यूजवर असतील तर पंखा लागला की तो कधीतरी उडणारच. मग आपल्याकडचा आवडता उपाय निघतो, १५ चा फ्यूज टाका. फ्यूज असतो वायर जळू नये म्हणून. अर्ध्या स्क्वेअरच्या वायरीवर १५ चा फ्यूज बसवला तर शॉर्ट झाल्यावर आधी वायरच पेटू शकते, तीही फोम आणि प्लायच्या मध्ये, तुमच्या डोक्यावर.

दिव्याची वायर दीडची निघाली आणि फ्यूजवर जागा शिल्लक असली तर खुशाल त्यातून घ्या. पंखाच बारका असेल, कमाल एखादा अँपिअर घेणारा, तरीही चालेल. एरवी नको.

इंजिनाच्या बॅटरीवरून

ही सगळ्यात स्वस्त वाट. बॅटरी गाडीत आहेच. लोक नाक मुरडतात, पण वर्षातून दोन-तीनदाच गाडीत झोपणाऱ्याला मी हीच सुचवीन, काही अटींवर.

सेल्फ मारायची बॅटरी पातळ प्लेटांची असते. दोन-चार सेकंद शेकडो अँपिअर द्यायचे आणि लगेच ऑल्टरनेटरने (इंजिनावर फिरून बॅटरी भरणारा डायनॅमो) भरून घ्यायचं, हे तिचं काम. रोज रात्री खोलवर उतरवली तर तिचं आयुष्य भराभर घटतं. एका रात्रीचे १० अँपिअर-अवर ती सहज देते. २४ दिले तरी धडधाकट बॅटरी सकाळी सेल्फ घेईल, पण तीन वर्षांची जुनी असेल तर पंढरपूरच्या वाळवंटाजवळ सकाळी सकाळी धक्का मारायला माणसं शोधावी लागतील. आषाढीला माणसांची कमी नसते म्हणा.

त्यामुळे मध्ये लो-व्होल्टेज कट-ऑफ, म्हणजे बॅटरी ठराविक व्होल्टच्या खाली गेली की वीज तोडणारं यंत्र, बसवा. पूर्ण भरलेली लेड-ॲसिड बॅटरी विश्रांतीत १२.६ ते १२.७ व्होल्ट दाखवते, अर्धी उतरली की १२.२ च्या आसपास येते. कट-ऑफ १२.२ ला ठेवला की पंखा पहाटे बंद पडेल, पण गाडी सुरू होईल. आणि वायर चावीच्या ॲक्सेसरी लाइनवरून घेऊ देऊ नका. ते सोपं पडतं, पण मग रात्रभर चावी अर्धी फिरवून ठेवावी लागते आणि टेपपासून डॅशबोर्डपर्यंत सगळंच जागं राहतं.

वेगळी बॅटरी, वेगळी वायर

महिन्यातून दोन-चार रात्री गाडीत काढणार असाल किंवा पुढे फ्रिज, लॅपटॉप, पंप येणार असेल, तर फिरून इथेच यावं लागतं. मग सुरुवातच इथून केलेली परवडते. लोक पहिल्या वाटेने सुरू करतात, वर्षाने सीलिंग पुन्हा उघडतात आणि प्लायचे पैसे दोनदा देतात.

बॅटरी कोणती? १०० अँपिअर-अवरची लेड-ॲसिड घेतली तर वापरायला निम्मी धरा, ५०. लिथियम फॉस्फेटची तेवढीच बॅटरी ८० च्या वर देते आणि वजनाला निम्म्याहून कमी भरते. नुसत्या पंख्यासाठी लिथियम म्हणजे उधळपट्टी. पंख्यासोबत फ्रिज असेल तर नाही. सोलापुरात घरोघरी इन्व्हर्टरची ट्युब्युलर बॅटरी असते आणि घरी नवीन आली की जुनी गाडीत टाकायचा मोह होतो. चालते, पण चार्ज होताना तिच्यातून हायड्रोजन निघतो आणि गाडी हलताना ॲसिड उसळतं. बेडखालच्या बंद पेटीत ती ठेवायची नाही. ठेवायचीच तर पेटीला बाहेर निघणारी नळी पाहिजे.

भरायची कशी, हा खरा प्रश्न. ऑल्टरनेटरवरून भरायची तर इंजिन सुरू असतानाच दोन्ही बॅटऱ्या जोडणारा रिले बसवा, किंवा डीसी-टू-डीसी चार्जर (गाडीच्या विजेवर दुसरी बॅटरी नीट भरणारा). नव्या गाड्यांत ऑल्टरनेटरचा व्होल्टेज कॉम्प्युटर कमी-जास्त करत असेल तर रिले अर्धवट भरतो, तिथे चार्जरच घ्यावा. लिथियमसाठीही चार्जरच. सोलापूर ते तुळजापूर साधारण ४५ किलोमीटर, तासाभराचा रस्ता. २० अँपिअरचा चार्जर तेवढ्यात जवळपास २० अँपिअर-अवर भरतो, म्हणजे मंद पंख्याच्या दोन रात्री. पंढरपूरपर्यंत गेलात तर आणखी जास्त. रोज थोडीफार गाडी फिरणार असेल तर नुसत्या पंख्यासाठी सोलर लागतच नाही, हे सोलरवाले सांगत नाहीत.

वायरिंगचा क्रम सरळ आहे. बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतरात मुख्य फ्यूज, तिथून फ्यूज बॉक्स, फ्यूज बॉक्समधून पंख्याला स्वतःची अडीचची किंवा निदान दीडची वायर आणि पंख्यासोबतच्या कागदात दिलेला फ्यूज. बहुतेकांना ५ अँपिअर पुरतो.

घरगुती एक्झॉस्ट आणि इन्व्हर्टर

नव्या पेठेत कुठल्याही इलेक्ट्रिकच्या दुकानात २३० व्होल्टचा ९ इंची एक्झॉस्ट मिळतो, बिघडला तर दुसरा आणता येतो. एवढाच त्याचा फायदा. ४० वॉटचा पंखा इन्व्हर्टरमधून चालवला की बॅटरीतून ४ अँपिअर जातात, स्पीड कमी करायची सोय नसते आणि रात्रीचे ३२ अँपिअर-अवर होतात. १२ व्होल्टच्या मंद पंख्याच्या तिप्पट. वर पावसाचं झाकण नाही, ते बॉडीवाल्याकडून वेगळं करून घ्यावं लागतं. गाडी कायम शेतावर लाइटच्या पॉइंटजवळ उभी राहणार असेल तरच याचा विचार करा.

पॅनेल अंगावरच असलेले सोलर पंखे ऊन असेपर्यंत फिरतात. उभ्या गाडीतली गरम हवा काढायला ठीक, झोपेला उपयोग नाही.

मायनस कुठे, जोड कसा

वायरमन मायनस बॉडीला मारतो. दिव्यांना ते चालतं. टप पत्र्याचा असेल तर पंख्यालाही चालेल, पण पातळ पत्र्यातला स्क्रू, त्याखालचा रंग आणि गाडीचे हादरे यांमुळे तो जोड वर्षभरात सैल पडतो. पंखा कधी चालतो, कधी नाही, आणि दोष सापडत नाही. टप फायबरचा असेल तर बॉडी अर्थ मिळणारच नाही. प्लसच्या सोबतच मायनसची वायर फ्यूज बॉक्सपर्यंत आणा. वायर थोडी जास्त लागते, बस.

पीळ देऊन टेप गुंडाळलेला जोड सोलापूरच्या टपात टिकत नाही. उन्हाने टेपचा गोंद पातळ होतो, टेप घसरते आणि तांबं उघडं पडतं. लग (वायरीच्या टोकाला बसणारा धातूचा तुकडा) दाबून त्यावर हीट-श्रिंक, म्हणजे गरम केली की आवळणारी, नळी चढवायला सांगा. घरगुती वायरिंगची साधी पीव्हीसी वायर ७० अंशांपर्यंतची असते. टपासाठी उष्णता सहन करणारी ८५ अंशांची किंवा गाड्यांसाठीची वायर मागा, आणि बारीक तारांचीच, एकेरी तारेची नको, हादऱ्याने ती तुटते. पत्र्यातून जाते तिथे रबराचा बुश हवाच.

प्लस-मायनस उलटं झालं तर साधी मोटर उलटी फिरते. रिमोट आणि थर्मोस्टॅटवाल्या पंख्याचं कार्ड मात्र जळू शकतं. पहिल्यांदा लावण्याआधी मीटर धरायला लावा, वायरमन कितीही जुना असला तरी.

पंखा काय करतो आणि काय नाही

बाहेर ४२ असताना पंखा आत ३० करणार नाही. तो टपाखाली साठलेली गरम हवा बाहेर फेकतो, तिच्या जागी बाहेरची आणतो. म्हणून त्याचा खरा उपयोग दिवस मावळल्यावर. सावलीकडची खालची एखादी खिडकी जाळी लावून उघडी पाहिजे, नाहीतर पंखा नुसताच घरघरतो. आपल्याकडची हवा उन्हाळ्यात कोरडी असते. त्या खिडकीला वाळ्याचा ओला पडदा लावला की आत येणारी हवा चांगलीच गार होते. ही युक्ती कोकणातल्या दमट हवेत चालत नाही. पंखा आत हवा ओढायच्या दिशेलाही फिरवता येतो, पण अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीसारख्या यंत्रमागांच्या भागात मुक्काम असेल तर ते करू नका, सुताची तूस आणि धूळ थेट गादीवर येते. आणि सगळ्या खिडक्या बंद ठेवून पंखा बाहेर फेकत असताना गॅस पेटवू नका, इंजिनही चालू ठेवू नका. पंख्याला हवा मिळाली नाही की तो जिथून मिळेल तिथून ओढतो, आणि त्यात धूरही येतो.

मोठ्या बसचं कॅम्पर करणाऱ्यांना एक वेगळी गोष्ट. तिथे १२ च्या दोन बॅटऱ्या ओळीने जोडून २४ व्होल्ट केलेले असतात. पंखा सरळ लावला तर जळेल, आणि दोनपैकी एकाच बॅटरीवरून १२ व्होल्ट घेतले तर ती सतत कमी भरलेली राहते आणि दुसरी जास्त भरते. दोन्ही लवकर जातात. २४ वरून १२ करणारा कन्व्हर्टर घ्या, निदान १० अँपिअरचा.

पत्रा कापण्याआधी भोकाचं माप पंखा हातात आल्यावरच घ्या. युरोपकडच्या मापाचे पंखे ४०० मिलिमीटरच्या भोकाचे असतात, ते १४ इंचात बसत नाहीत. टपाचे आडवे पाइप कापले जाऊ नयेत म्हणून आतून आधी ठोकून बघा. सीट काढून बेड टाकणार असाल तर मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आडवं येतं, नोंदणीतल्या तपशिलाशी न जुळणारा बदल परस्पर करता येत नाही. एमएच-१३ च्या आरटीओत त्याची परवानगी आधी काढा, मग बॉडीवाल्याकडे गाडी लावा.