लॅपटॉपवरच कंटेनर होस्ट: मल्टिपासचे परीक्षण

डॉकर मशीन या साधनाचा विकास थांबल्यानंतर आपल्याच लॅपटॉपवर दोन-तीन कंटेनर होस्ट (डॉकरचे कंटेनर, म्हणजे एकमेकांपासून वेगळे ठेवून चालवलेले प्रोग्राम, ज्यांवर चालतात अशी मशीन) हवे असतील, तर व्हर्च्युअलबॉक्स या आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये आयएसओ (इन्स्टॉलेशनची फाइल) लावून प्रत्येक वेळी उबुंटू लिनक्स हाताने बसवणे आले. उबुंटू बनवणाऱ्या कॅनॉनिकलचे मल्टिपास हे काम एका कमांडवर आणते. महापे येथील आमच्या छोट्या ऑफिसात नव्या मुलांच्या सरावासाठी आम्ही ते वापरतो आणि ते विनामूल्य आहे.

मात्र काहीही न सांगता ‘लाँच’ केले, तर 1 सीपीयू, 1 जीबी रॅम आणि 5 जीबी डिस्क एवढेच मशीन मिळते, आणि दोन-चार मोठ्या डॉकर इमेज (कंटेनरचे तयार साचे) ओढल्या की ही डिस्क भरते. सुरुवातीलाच 2 जीबी रॅम आणि 20 जीबी डिस्क द्यावी. डिस्क नंतर वाढवता येते, पण कमी करता येत नाही.

मल्टिपासची खरी किंमत कळते ती क्लाउड-इनिटमुळे, म्हणजे मशीन पहिल्यांदा सुरू होताना लिहून ठेवलेल्या सूचना आपोआप पाळणाऱ्या सोयीमुळे. डॉकर बसवणे आणि उबुंटू या युजरला डॉकर ग्रुपमध्ये घालणे एवढे एका यामल (साध्या मजकुराच्या) फाइलमध्ये लिहून ठेवले, की त्याच फाइलवरून तिन्ही होस्ट अगदी सारखे उभे राहतात. उबुंटूची इमेज एकदा उतरली की पुढच्या मशीनलाही चालते, परंतु डॉकरचे पॅकेज प्रत्येक मशीन स्वतंत्रपणे आणते, हे पावसाळ्यात लाईट गेल्यावर मोबाईलच्या हॉटस्पॉटवर बसणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे.

तिन्ही होस्ट स्वार्मचे (अनेक होस्ट एकत्र चालवणाऱ्या डॉकरच्या समूहाचे) मॅनेजर करून एक बंद केला, तर कारभार चालू राहतो; दुसराही बंद केला, की चालू कंटेनर चालतच राहतात, पण बहुमत गेल्यामुळे समूहातल्या मशीनची यादी दाखवणाऱ्या ‘नोड एलएस’ कमांडला उत्तराऐवजी एरर येते. पुस्तकातले कोरम (निर्णयासाठी लागणारे बहुमत) मुलांना इथे डोळ्यांनी दिसते, आणि लॅपटॉपवर एकच होस्ट देणाऱ्या डॉकर डेस्कटॉपवर हा धडा देता येत नाही.

उणिवा आहेत. विंडोज होममध्ये हायपर-व्ही (विंडोजची आभासी मशीन चालवण्याची सोय) नसल्याने व्हर्च्युअलबॉक्स लागतोच. हायपर-व्ही असेल, तर विंडोज रीस्टार्ट झाल्यावर मशीनचा आयपी बदलू शकतो आणि मग जुन्या पत्त्यावर बांधलेला स्वार्म विस्कटतो. मल्टिपास मुख्यतः उबुंटूसाठी आहे; क्लायंटचे सर्व्हर रेड हॅट लिनक्सचे असतील, तर आभासी मशीन उभी करणारे दुसरे साधन, व्हेग्रंटच बरे. शिवाय ‘डिलीट’ केलेले मशीन ‘पर्ज’ (कायमचे साफ) करेपर्यंत डिस्कवरची जागा सोडत नाही.