जीमॅट: फ्लायबाय नेमका बसवायला उत्तम, शोधायला नाही

अंतराळयानाचा मार्ग आखायचं नासाच्या गोडार्ड केंद्राचं सॉफ्टवेअर, जीमॅट, फुकट आहे, सोर्स कोड खुला आहे आणि लॅमिंग्टन रोडवरून घेतलेल्या साध्या लॅपटॉपवरही चालतं. मुंबईतल्या कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी शुक्राचा फ्लायबाय (ग्रहाजवळून जाताना त्याच्या गुरुत्वाकर्षणाने मार्ग वळवणं) आखायचा असेल तर बेधडक हेच घ्या. मात्र कधी निघायचं आणि कुठल्या ग्रहावरून वळायचं, हे ते शोधून देत नाही. ते काम आधी पायकेप या पायथन लायब्ररीत लॅम्बर्टचं गणित (दोन जागा आणि प्रवासाचा वेळ यांवरून मार्ग काढणं) सोडवून उरका. ग्रहाजवळ येतानाचा आणि जातानाचा व्ही-इन्फिनिटी (ग्रहापासून खूप दूर असताना त्याच्या सापेक्ष यानाचा वेग) सारखा निघाला आणि लागणारं वळणही शक्य असलं, की मगच तारखा जीमॅटमध्ये आणा. शुक्रापासून 300 किमी उंचीवर, व्ही-इन्फिनिटी 6 किमी/से असताना मार्ग जवळपास 72 अंशांनी वळतो. 9 किमी/से झाला की जेमतेम 45.

जीमॅटची खरी ताकद बी-प्लेनमध्ये आहे, म्हणजे ग्रहाच्या केंद्रातून जाणाऱ्या, येणाऱ्या मार्गाला काटकोनातल्या नेम धरायच्या प्रतलात. शुक्र केंद्रस्थानी असलेली कोऑर्डिनेट सिस्टिम बनवा, टार्गेटमध्ये बी-डॉट-टी आणि बी-डॉट-आर (त्या प्रतलावरच्या नेमाच्या बिंदूचे दोन घटक) साधा. थेट पेरिअ‍ॅप्सिसची (ग्रहाच्या सर्वात जवळच्या बिंदूची) त्रिज्या साधायला गेलात तर करेक्टर, म्हणजे उत्तर सुधारत नेणारा जीमॅटचा भाग, बऱ्याचदा भरकटतो. इथेच एक हमखास घोळ होतो. 300 किमी उंची हवी म्हणून बी-व्हेक्टरची (ग्रहाच्या केंद्रापासून त्या नेमाच्या बिंदूपर्यंतची) लांबी 6352 किमी, म्हणजे शुक्राची त्रिज्या अधिक 300, धरली, तर यान सरळ ग्रहावर आदळतं, कारण शुक्र मार्ग आत ओढतो. 6 किमी/से ला ती सुमारे 12,450 किमी हवी, आणि 12,077 च्या खाली गेलात की टक्कर. एवढीच फट आहे.

प्रवास थेट 'शुक्राच्या पेरिअ‍ॅप्सिसपर्यंत' असा लावू नका. सूर्याभोवतीच्या वाटेवरही शुक्रापासूनचं अंतर कमी होऊन पुन्हा वाढू शकतं, आणि प्रोग्रॅम तिथेच थांबतो. आधी ठरावीक दिवस पुढे न्या, मग ती अट लावा.

वेळ यूटीसीत (जागतिक प्रमाणवेळेत) टाका. मुंबईच्या घड्याळाची टाकलीत तर साडेपाच तासांचा फरक पडतो, आणि तेवढ्यात पृथ्वी सूर्याभोवती सुमारे 5.9 लाख किमी सरकते. पुढचं सगळं गणित फसतं, पण एररचा संदेश काही येत नाही.

मदतपुस्तिका चांगली आहे. तिच्यातला मंगळाच्या बी-प्लेनचा धडा करूनच शुक्राला हात घाला. नंतर सरावाला शनीकडे गेलेलं कॅसिनी यान घ्या: 1997 चं उड्डाण, शुक्र दोनदा, पृथ्वी, गुरू, 2004 मध्ये शनी. प्रत्यक्ष मार्ग नासाच्या जेपीएल केंद्राच्या होरायझन्स या ग्रह-यानांच्या स्थिती देणाऱ्या ऑनलाइन सेवेवर फुकट मिळतो, त्याच्याशी आपला ताडून पाहा.