फॉग लॅम्पचा बिघाड मोजून शोधणारे नाना पेठेतील दुकान

मोटरसायकलला नंतर बसवलेले फॉग लॅम्प बंद पडले, की बहुतेक ठिकाणी पहिला सल्ला नवे दिवे घेण्याचा मिळतो. पुण्याच्या नाना पेठेत ज्या छोट्या ऑटो इलेक्ट्रिकच्या दुकानात मी गाडी नेली, तिथल्या कारागिरांनी दिव्यांना हात लावण्याआधी विजेचा दाब (व्होल्टेज) मोजणारा मल्टिमीटर काढला, आणि म्हणूनच त्यांच्या कामाबद्दल सविस्तर लिहावेसे वाटले.

तक्रार अशी होती, की दोन्ही एलईडी दिवे पेटल्यावर थोड्याच वेळात लुकलुकू लागत आणि हँडल पूर्ण डावीकडे वळवले की विझत. कारागिरांनी प्रथम बॅटरी तपासली. इंजिन बंद असताना साडेबारा आणि चालू असताना चौदा व्होल्टच्या आसपास वाचन मिळाल्यामुळे चार्जिंगचा प्रश्न मिटला. स्विच दाबल्यावर रिलेचा (दिव्यांची वीज चालू-बंद करणाऱ्या विद्युत स्विचचा) टक् असा आवाज येत होता, म्हणजे ८५ आणि ८६ या टोकांमधील कॉइलला वीज पोहोचत होती, आणि दिव्यांकडे वीज पाठवणाऱ्या ८७ क्रमांकाच्या टोकावरही बॅटरीइतकाच दाब होता.

यापुढची पायरी अनेक जण चुकवतात. दिव्याचा कपलर (वायरी जोडणारा प्लग) काढून मोजले, तर वायरमध्ये तांब्याची एकच तार शिल्लक असली तरी मीटर बारा व्होल्ट दाखवतो, कारण प्रवाहच वाहत नसल्याने दाब कुठे घटत नाही. म्हणून त्यांनी दिवे पेटते ठेवून दिव्याची अर्थ वायर (वीज बॅटरीकडे परत नेणारी) आणि बॅटरीचे ऋण टोक यांच्यामधला दाब मोजला. तिथे जेमतेम एक-दोन दशांश व्होल्ट असायला हवे होते, प्रत्यक्षात तीन व्होल्टच्या वर होते. अर्थचा लग (वायरच्या टोकाची धातूची कडी) चासीच्या, म्हणजे गाडीच्या सांगाड्याच्या, रंग लावलेल्या पत्र्यावर आवळलेला होता, त्याखाली गंज धरला होता आणि तो हाताला चांगलाच गरम लागत होता. हॅलोजन बल्ब अशा वेळी मंद होऊन सूचना देतो. एलईडीचा ड्रायव्हर (प्रवाह स्थिर ठेवणारे सर्किट) मात्र बराच काळ घट भरून काढतो आणि मर्यादा ओलांडली की लुकलुकतो, त्यामुळे संशय दिव्यावरच जातो. अर्थ त्यांनी थेट बॅटरीच्या ऋण टोकावर घेतला.

हँडल वळवल्यावर दिवे विझण्याचे कारण वेगळे होते. स्विचकडे जाणारी वायर स्टिअरिंगच्या मानेजवळ ताणून बांधलेली असल्याने वरचे आवरण शाबूत राहून आतली तार तुटली होती. वायर हलकेच ओढल्यावर ती नेमक्या त्या जागी रबरासारखी लांबली. नवी वायर त्यांनी हँडल दोन्ही बाजूंना पूर्ण वळेल इतकी सैल ठेवून बांधली.

फ्यूजबद्दलची त्यांची शिस्त मला विशेष मोलाची वाटली. प्रत्येकी चाळीस वॅटचे दोन दिवे बारा व्होल्टवर सात अँपिअरपेक्षा कमी प्रवाह घेतात. तरी आधी कुणीतरी तिथे २० अँपिअरचा फ्यूज घातला होता. फ्यूज वायर वाचवण्यासाठी असतो, हे सांगून त्यांनी १० अँपिअरचा बसवला.

उणिवाही नोंदवायला हव्यात. जोडांवर त्यांनी आधी साधी टेप गुंडाळली होती, जी घाटातल्या पावसात फार टिकत नाही. हीट श्रिंक स्लीव्ह (गरम केल्यावर आकसून जोडावर घट्ट बसणारी नळी) आणि जलरोधक कपलर मागितल्यावर ते शेजारच्या दुकानातून आणावे लागले. बिलावर सुट्या भागांचा तपशील नव्हता, आणि वेळ आधी ठरवून मिळत नसल्याने अर्धा दिवस हाताशी ठेवूनच जावे. मजुरी मात्र एका नव्या दिव्याच्या किमतीपेक्षा बरीच कमी झाली. निघण्यापूर्वी समोरच्या वाहनचालकाच्या डोळ्यांवर प्रकाश जाऊ नये म्हणून भिंतीवर झोत पाडून त्यांनी दोन्ही दिवे खाली झुकवून दिले, आणि त्यासाठी वेगळे पैसे घेतले नाहीत.

दिवाच आतून जळालेला असेल, तर तो उघडून दुरुस्त करायला हे दुकान नकार देते. एकदा सील तोडले की आत ओलावा शिरतो, हे त्यांचे कारण मला पटते.