स्पिंकचा कॅटलॉग: घ्या, पण जुना घ्या आणि वाचलेल्या पैशात फ्रीमनचं पुस्तक घ्या

इंग्लंडमध्ये राहून ब्रिटिश नाणी जमवायला लागलेल्या आपल्या बऱ्याच लोकांचा मला एकच प्रश्न येतो, की पुस्तक कुठलं घेऊ, म्हणून एकदाच सविस्तर लिहिते. मी रेडिंगला राहते, सात वर्षं हा नाद आहे आणि आता नाण्यांपेक्षा नाण्यांची पुस्तकंच घरात जास्त झालीत.

सुरुवात चुकीची झाली होती माझी. पुस्तक एकही नव्हतं, आणि एका कॉइन फेअरमध्ये एका टेबलावर १९०२ ची 'लो टाइड' पेनी म्हणून साध्या पेनीच्या कितीतरी पट पैसे देऊन एक नाणं घेतलं. विकणाऱ्याने सांगितलं आणि मी विश्वास ठेवला. या पेनीच्या मागच्या बाजूला ब्रिटानिया बसलेली असते आणि तिच्या मागे समुद्राची आडवी रेघ. नेहमीच्या पेनीत ती रेघ साधारण तिच्या पायांची जिथे फुली होते तिथपर्यंत येते, लो टाइडमध्ये पाणी त्याच्या खाली असतं. बस, एवढाच फरक. भिंगातून बघितलं तर दहा सेकंदात कळतं, पण कुठे बघायचं हे आधी माहीत पाहिजे ना! माझी पेनी साधी निघाली. ते पैसे पुस्तकात घातले असते तर दोन चांगली पुस्तकं आली असती, याचं मला अजून वाईट वाटतं.

तर स्पिंक. स्पिंक ही लंडनची १६६६ पासूनची फर्म, आणि त्यांचा इंग्लंड आणि युनायटेड किंग्डमच्या नाण्यांचा हा कॅटलॉग दरवर्षी नवा निघतो. मुळात तो सीबी नावाच्या फर्मचा होता, म्हणून जुन्या प्रतींवर सीबी दिसेल, गोंधळू नका, वंश एकच आहे. आता तो दोन भागात येतो, एक दशमान पद्धतीच्या आधीचा आणि एक नंतरचा (फेब्रुवारी १९७१ मध्ये इथे शिलिंग आणि जुने पेन्स गेले आणि शंभर नव्या पेन्सचा पाउंड आला). मी बोलतेय ते पहिल्या भागाबद्दल, केल्टिक नाण्यांपासून पुढचं सगळं त्यात आहे. राजा शोधा, मग नाण्याची किंमत-जात (पेनी, शिलिंग वगैरे), मग प्रकार, आणि समोर एक नंबर. हा नंबर म्हणजेच खरं पुस्तक आहे असं मी म्हणेन, कारण इथला प्रत्येक डीलर आणि प्रत्येक लिलाव त्याच नंबराने बोलतो. आणि म्हणूनच म्हणते की जुनी प्रत घ्या. दरवर्षी बदलतात त्या मुख्यतः किमती, आणि त्या किमती तशाही अंदाजासाठी असतात, पण नाण्यांची वर्णनं आणि बहुतेक नंबर तेच राहतात. मी चार वर्षं जुनी प्रत सेकंडहँड घेतली, नव्याच्या पाव किमतीत, आणि आजपर्यंत काही अडलं नाही.

कमी कुठे पडतो? एक म्हणजे यात स्कॉटलंड आणि आयर्लंड नाही, त्याचं पुस्तक वेगळं. दुसरं म्हणजे भारत नाही. सांगलीच्या मामाने आजीच्या ट्रंकेत सापडलेल्या व्हिक्टोरियाच्या रुपयाचा फोटो पाठवला आणि म्हणाला, "अगं, तुझ्या त्या जाडजूड पुस्तकात बघून सांग की." मामा, त्यात नाही मिळत रे! त्यासाठी प्रिडमोर लागतो, त्याचे भारतावरचे दोन खंड आहेत, १९७५ आणि १९८० चे. आणि मामाचा रुपया १८६२ चा होता, ही तर मोठी गंमत आहे, कारण १८६२ हे साल पुढे कितीतरी वर्षं तसंच छापत राहिले आणि मुंबईच्या टाकसाळीने मागच्या बाजूला बारीक ठिपके देऊन वेगवेगळ्या छपाया ओळखू येतील अशी सोय केली. मामाला म्हटलं फोटो झूम करून ठिपके मोज, तर त्याने रविवारची अख्खी दुपार त्यात घालवली आणि खूश होता.

तिसरी आणि सगळ्यात मोठी उणीव, डायचे (म्हणजे नाणं पाडायच्या ठशाचे) बारकावे यात थोडेच येतात, आणि एकाच पुस्तकात दोन हजार वर्षं बसवायची म्हटल्यावर ते साहजिकही आहे. इथे फ्रीमनचं पुस्तक कामी येतं. १८६० पासूनच्या ब्राँझ नाण्यांसाठी याला तोड नाही. १८६० ला तांब्याची जाड पेनी जाऊन ब्राँझची पातळ पेनी आली, वजन साधारण निम्म्यावर, १८.८ वरून ९.४ ग्रॅम, आणि त्या पहिल्याच वर्षी कडेला आधी मण्यांसारखे ठिपके होते, मग दात आले. फ्रीमनने राणीच्या बाजूच्या प्रत्येक डायला आकडा आणि ब्रिटानियाच्या बाजूच्या डायला अक्षर दिलंय, म्हणजे तुमची पेनी २ अधिक डी की ६ अधिक जी, हे तुम्ही स्वतः टेबलावर बसून ठरवू शकता. एका बाजूला मणी आणि दुसऱ्या बाजूला दात अशी मिसळ झालेली पेनी निघाली तर ती दुर्मिळ! मी अजून शोधतेय, डबा उपसून उपसून बोटं काळी झाली.

ब्राँझच्या आधीच्या तांब्याच्या मालासाठी पेकचं पुस्तक, ब्रिटिश म्युझियमचं, १५५८ ते १९५८ च्या नाण्यांचं. महाग आणि जाड आहे, पण सतराव्या शतकाच्या शेवटी कथलाची नाणी पाडली, खोट्या नाण्यांना आळा बसावा म्हणून मधोमध तांब्याची खुंटी ठोकून, ती समजून घ्यायची तर यातच. जुनी प्रत घेताना एवढं करा, मागची फोटोंची पानं सगळी आहेत का ते विकणाऱ्याला आधी मोजायला लावा. माझ्या पहिल्या प्रतीत मधलीच काही पानं कापलेली होती, आणि वर्णनात तसं काही लिहिलं नव्हतं.

रोमन नाण्यांसाठी सियरचं पुस्तक. जुनं एका खंडाचं आणि नवं पाच खंडांचं (२००० ते २०१४), आणि दोन्हींचे नंबर वेगळे, त्यामुळे कोणी "सियर अमुक" लिहिलं की कुठला सियर ते विचारा. आणखी एक, ब्रिटिश नाण्यासमोर नुसतं "एस" असेल तर तो स्पिंक किंवा सीबी, रोमन नाण्यासमोर असेल तर सियर. यात मी महिनाभर फसले होते. रोमन साम्राज्याच्या नाण्यांचे दहा जाडे खंड मात्र लगेच विकत घेऊ नका, त्यातलं बरंचसं अमेरिकन न्यूमिस्मॅटिक सोसायटीच्या ओक्री (OCRE) या साइटवर फुकट शोधता येतं. ब्रिटिश न्यूमिस्मॅटिक जर्नलचे जुने अंकही फुकट वाचता येतात, आणि एडवर्ड पहिल्याच्या १२७९ नंतरच्या पेनीचे प्रकार मुकुट आणि अक्षरांच्या आकारावरून कसे लावले, हे तिथे वाचल्यावर मला स्पिंकमधली ती दोन पानं पहिल्यांदा नीट कळली.

स्पिंकला माझ्याकडून पाचपैकी चार, फ्रीमनला पाच. पेकची दुसरी प्रत गेल्या आठवड्यात आली, या वेळी पानं पूर्ण आहेत, मी दोनदा मोजली.