काँक्रीटवर लाकडी फ्लोरिंग: दहा महिने वापरल्यानंतर

दहा महिने झाले फ्लोरिंग बसवून, त्यात दमट दिवसही गेले आणि कडक कोरडे दिवसही, म्हणून आता लिहितेय. बसवल्या बसवल्या सगळ्याच फळ्या छान दिसतात, तेव्हाच्या रिव्ह्यूला तसा काही अर्थ नसतो.

आमच्याकडे खाली थेट जमिनीवर ओतलेला काँक्रीटचा स्लॅब आहे. अशा स्लॅबवर सॉलिड लाकूड नको असं ठरवून इंजिनिअर्ड ओक घेतला, १४ मिमी जाडीचा, वर ३ मिमी खरा ओक आणि खाली प्लायचे थर. हे थर एकमेकांना आडवे चिकटवलेले असतात, म्हणून एक थर फुगायला लागला की दुसरा त्याला धरून ठेवतो. सॉलिड फळीला असं धरणारं कोणी नसतं, खालून ओल लागली की तिच्या दोन्ही कडा वर येतात आणि मधे खोलगट होते. पद्धत फ्लोटिंग, म्हणजे फळ्या एकमेकीत क्लिक करायच्या, काँक्रीटला ना खिळा ना ग्लू. मी आणि दादा, दोघांनीच बसवलं.

खरं काम फळ्यांचं नाहीच, काँक्रीटचं आहे. वरून हात फिरवला तर स्लॅब ठणठणीत कोरडा लागतो आणि तिथेच फसायला होतं. उघडा असतो तोवर त्यातला ओलावा वरच्या बाजूने हवेत जात राहतो त्यामुळे वरचा थर कोरडा दिसतो, पण एकदा झाकला की खालची ओल हळूहळू वर येऊन सगळीकडे सारखी पसरते आणि लाकडाखाली पोचते. आम्ही आधी प्लॅस्टिकचे तुकडे चारी बाजूंनी टेपने घट्ट चिकटवून दीड दिवस ठेवले. तीन ठिकाणी काही नाही, बाहेरच्या भिंतीकडच्या कोपऱ्यात मात्र प्लॅस्टिकच्या आत थेंब. बाहेर जाऊन बघितलं तर जमिनीचा उतार भिंतीकडेच होता, पाणी तिथेच मुरत होतं. उतार फिरवून घेतला आणि थांबलो, पण प्लॅस्टिकवर काही दिसलं नाही म्हणजे पास असं नसतं हेही तेव्हाच वाचलं, म्हणून स्लॅबच्या जाडीच्या ४० टक्के खोलीपर्यंत भोक पाडून आत प्रोब (ओल मोजणारी सळई) ठेवून आर्द्रता मोजून घेतली. आकडा फ्लोरिंगच्या कंपनीने दिलेल्या मर्यादेत येईपर्यंत जवळजवळ दोन महिने फळ्या आणल्याच नाहीत. घरात सगळे वैतागले होते पण त्या कोपऱ्यात आज एकही फळी उचललेली नाही, आणि मला या सगळ्या कामात सर्वात जास्त समाधान त्याचंच आहे. (नवीन ओतलेलं काँक्रीट असेल तर साधा हिशोब एक इंच जाडीला एक महिना असा धरतात, पण तो अंदाजच, मोजावं लागतंच.)

मग वर ०.१५ मिमीची प्लॅस्टिक शीट, जोडावर २० सेंमी एकमेकींवर घेऊन टेप, त्यावर फोम. फळ्यांचे बॉक्स तीन दिवस त्याच खोलीत आडवे ठेवले होते.

आता चूक सांगते. लेव्हल. दोन मीटरची सरळ पट्टी ठेवून सगळी जमीन तपासली, उंचवटे घासले, खड्ड्यांत सेल्फ लेव्हलिंग (आपोआप सपाट पसरणारं पातळ मिश्रण) ओतलं. फक्त आतल्या खोलीच्या दाराजवळ ४-५ मिमीचा खोलगट भाग राहिला होता, माल संपलेला, दोघंही दमलेले, आणि फोम घेईल सांभाळून असं मीच म्हटलं. फोम काही सांभाळत नाही. तिथे पाय पडला की फळी खाली जाते, परत वर येते आणि टक् असा आवाज. पहिले दोन महिने आवाज नव्हता, आता रोज आहे. अशा जागी दुहेरी फोम घालायचा विचार कोणी करत असेल तर नका करू, फळी अजून जास्त हलते आणि क्लिकची खाच तुटते.

दुसरा प्रकार दमट दिवसांत झाला. भिंतीकडे सगळीकडे १० मिमी फट सोडली होती, पण बाहेरच्या दाराच्या चौकटीपाशी फळी अगदी टेकवून कापलेली. लाकूड लांबीत फारसं वाढत नाही, रुंदीत वाढतं, आणि नेमकी तीच बाजू अडकली, त्यामुळे दोन ओळी मधून थोड्या वर आल्या. चौकट खालून कापून फळीला सरकायला जागा दिली तर दोनेक आठवड्यांत आपोआप बसल्या. त्याच कारणाने स्कर्टिंग (भिंतीच्या तळाशी फट झाकणारी पट्टी) भिंतीलाच ठोका, फळीत खिळा नको, आणि स्वयंपाकघरातली फिक्स कपाटं वगैरे फ्लोटिंगवर बसवू नका, त्यांच्या वजनाने जमीन तिथेच जखडते.

बाकी रोजच्या वापरात मी खूप खूश आहे. अनवाणी चालायला काँक्रीटसारखं गार लागत नाही. कोरड्या दिवसांत फळ्यांत केसाएवढ्या फटी दिसल्या, नंतर मिटल्या. बूट घालून चाललं की खाली थोडा पोकळ आवाज येतो, तो फ्लोटिंगचाच गुण, ग्लूने चिकटवलं असतं तर कमी आला असता पण मग एखादी फळी बदलणं अवघड. ओरखडे खुर्च्यांपेक्षा बुटाच्या तळातल्या बारीक वाळूने जास्त पडले. खुर्च्यांना फेल्ट लावलंय, पुसायला घट्ट पिळलेलं फडकं, स्टीम मॉप अजिबात नाही.

दाराजवळचा तो भाग आता कोरड्या दिवसांत उघडायचाय. जवळच्या भिंतीचं स्कर्टिंग काढून तिथून सहा ओळी, प्रत्येक फळीच्या मागे पेन्सिलने नंबर टाकत, खड्डा भरायचा, नीट सुकू द्यायचा, आणि त्याच क्रमाने परत लावायच्या.