हातावरचे केस भादरणारं पातं

पोलादाला पाणी देण्याच्या धंद्यात माझी सोळा वर्षं गेली. आधी भोसरीत, आता डेट्रॉइटजवळ गाड्यांचे गिअर बनवणाऱ्या कारखान्यात. तरी फसलो तो पोलादाच्या बोटभर तुकड्यात. बायकोला सांगितलं तेव्हा ती आधी खूप हसली, मग पैसे किती गेले ते विचारलं. 78 डॉलर. पण गोष्ट पैशांची नाही.

मी धनुष्यानं हरणाची शिकार करतो. ज्यांना हे पटत नाही त्यांच्याशी वाद नाही, माझ्या आईलाही पटत नाही. आपल्याकडे 1972 चा वन्यजीव कायदा आहे. इथे मिशिगनमध्ये परवाना काढून 1 ऑक्टोबर ते 14 नोव्हेंबर धनुष्याचा हंगाम असतो, मग बंदुकवाल्यांची पाळी येते. माझं धनुष्य साधं रिकर्व्ह, म्हणजे टोकं पुढे वळलेलं, दोरी ओढायला 47 पौंडांचा जोर लागणारं, त्याला चाकं नाहीत की नेम दाखवणारी काडी नाही. अशा धनुष्यात जोर मोजकाच, त्यामुळे सगळी भिस्त बाणाच्या पात्यावर, म्हणजे ब्रॉडहेडवर. दोनच धारांचं, लांबट, जाड पातं लागतं, रानात बसल्या बसल्या कानशीनं पुन्हा धार लावता येईल असं. त्याचा कडकपणा रॉकवेल सी मापावर पन्नाशीच्या थोडा वर असला की जमतं. फार कडक केलं तर कानस नुसती घसरते आणि हाडावर आपटून टवका उडतो. मऊ राहिलं तर धार मुडपते.

जुलैत एका मोठ्या ऑनलाइन बाजारात एका नावाजलेल्या कंपनीची पाती दिसली. एकाच बाजूनं उतार दिलेली, 150 ग्रेनची (बाणाच्या पात्यांचं वजन ग्रेनमध्ये मोजतात, 150 म्हणजे दहा ग्रॅमच्या आसपास). तीन नगांना शंभर डॉलरच्या आसपास पडतात, हा विक्रेता सहा देत होता 78 ला. दुकान बंद करतोय, उरलेला माल काढतोय, असं लिहिलेलं. सोबत व्हिडिओ: खोक्यातून काढलेल्या पात्यानं एक माणूस हातावरचे केस सपासप भादरतो. माल आला, खोकं हुबेहूब, छपाई हुबेहूब. मीही डाव्या हातावरचे केस काढून पाहिले. निघाले. चार दिवस फुलशर्ट घालून ऑफिसला गेलो.

खुणा होत्या, मी बघितल्या नाहीत असंही नाही. काट्यावर एक पातं 141 ग्रेन भरलं, दुसरं 152, तिसरं 146. मूळ कंपनी पातं आणि बाणावर बसणारी नळी एकाच सळईतून कोरून काढते. इथे पॉलिशखाली जोडाची बारीक रेघ दिसत होती. पुरवठादाराकडून प्रत्येक खेपेला प्रमाणपत्र मागणारा मी, म्हटलं, एवढ्या स्वस्तात थोडं इकडेतिकडे चालायचंच. कानस तर लावलीच नाही. आयती धार कशाला मोडायची? सरावही त्याच वजनाच्या साध्या टोकांवर केला. ती पाती थेट ऑक्टोबरात बाणावर चढली.

संध्याकाळ, सोळा पावलांवर मादी. बाण चार बोटं पुढे लागला आणि टक्क असा आवाज आला. ही चूक माझी, ती पात्यावर ढकलत नाही. पण नेम थोडा चुकला आणि वाटेत हाड आलं, तर त्याच वेळेसाठी माणूस चांगल्या पात्याला पैसे मोजतो. चाळीस पावलं रक्ताचे थेंब मिळाले, मग तेही थांबले. नेच्यात बाण सापडला, त्याचं टोक विळ्यासारखं मागे वळलेलं आणि एका बाजूची धार पोळीच्या कडेसारखी दुमडलेली. ओळखीच्या एकानं माग काढणारा कुत्रा आणला. इथे त्याला दोरीला बांधून नेता येतं. रात्री एकपर्यंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत फिरलो. हरीण मिळालं नाही.

सोमवारी ती पाती कारखान्यातल्या कडकपणा मोजायच्या यंत्राखाली ठेवली. पहिलं 29. दुसरं 34. त्या आकड्याचा बोल्ट चालेल, पातं नाही. केस कसे निघाले मग? मऊ पोलादालाही वस्तऱ्यासारखी धार लागते, फक्त ती टिकत नाही. डब्याचं पत्र्याचं झाकण बोट कापतं, म्हणून कोणी त्याचा कोयता करत नाही. आमच्या गावचा लोहार नवा कोयता घेणाऱ्याला धार दाखवायचाच नाही, हातात कानस द्यायचा आणि म्हणायचा, हिला विचार. कानस चावली पाहिजे, पण लोण्यासारखी आत जाता कामा नये. लहानपणी हे दहादा पाहिलेलं, आणि मी हातावरचे केस बघत बसलो.

इथला नियम पातं निदान 7/8 इंच रुंद हवं म्हणतो. तेवढं ते होतं. पोलाद कसलं, हे नियम विचारत नाही.

पैसे परत मिळाले नाहीत. बाजाराची परतीची मुदत 30 दिवसांची, आणि कार्डवाल्यांना बिल आल्यापासून 60 दिवसांत कळवायला हवं होतं. हेच यातलं खरं कसब आहे: शिकारीचं सामान लोक उन्हाळ्यात घेतात आणि वापरतात पानगळीत. मूळ कंपनीला फोटो पाठवले, हा माल आमचा नाही एवढं त्यांनी लगेच कळवलं.

आता पाती आली की त्याच दिवशी उघडतो. सगळी तोलतो, बाणावर बसवून, टोकावर भिरभिरवून, डुलत नाही ना ते बघतो, प्रत्येकाला कानस लावतो. आणि एक पातं मुद्दाम बळी देतो, जाड प्लायवूडवर सोडतो. टोक सरळ राहिलं आणि चार हात कानशीनं धार परत आली तरच बाकीची ठेवतो. बायको म्हणते तीस डॉलर लाकडात घालतोस. घालतो.

तो विक्रेता नाहीसा झाला होता. गेल्या आठवड्यात दुसऱ्या नावानं तेच फोटो दिसले, केस भादरणारा हातही तोच. किंमत आता 83.