डोळ्यांतून खेळायचं की पाठीमागून?

कोल्हापुरात राजारामपुरीतल्या आमच्या ग्रुपात यावरून कायम जुंपते. २०१४ च्या 'एल्डर स्क्रोल्स ऑनलाइन' या गेममध्ये माउसचं चाक फिरवलं की दोन्ही व्ह्यू मिळतात: फर्स्ट पर्सन, म्हणजे आपल्या पात्राच्या डोळ्यांतून, आणि थर्ड पर्सन, म्हणजे त्याच्या पाठीमागून. गुहा, अरुंद बोळ, धनुष्याचा नेम, कपाटं-पेट्या धुंडाळणं, इथं फर्स्ट पर्सन म्हणजे नाद खुळा! फक्त सेटिंगमध्ये फील्ड ऑफ व्ह्यू, म्हणजे किती रुंद दिसतं ते, वाढवा, नाहीतर गरगरतं. हेडफोनही लावा, मागची चाहूल कानानंच लागते.

पण चौघांनी डंजनमध्ये (शत्रूंनी भरलेल्या जागेत) बॉसला, म्हणजे तिथल्या तगड्या शत्रूला, घेरलं की पायाखालचं धोक्याचं लाल वर्तुळ या व्ह्यूत उशिरा दिसतं, आणि मागून कोण आलं ते कळेपर्यंत आपण आडवे. तिथं थर्ड पर्सनच. साथीदारांना बरं करणाऱ्या हीलरनं तर फर्स्ट पर्सनचा हट्ट धरूच नये, भावा. जखमी गडी नेमका पाठीमागं असतो. टँकला, म्हणजे वार अंगावर घेणाऱ्याला, एकवेळ चालतं, त्याचा बॉस समोरच उभा.